सहलीला निघताना : आखणी, सामान आणि घरचे पत्र

(वेरूळ-अजिंठा अभ्यास सहलीच्या पूर्वतयारीसाठी भरलेल्या सभेत संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)





दिवाळीच्या सुटीत आपली संस्था सभासदांना आणि विद्यार्थ्यांना घेऊन वेरूळ-अजिंठ्याला जाणार आहे. सहलीची तयारी या विषयावर बोलायचे असे कार्यवाहांनी मला सांगितले, तेव्हा काहींना वाटले असेल की यात भाषण करण्यासारखे काय आहे? पिशवी भरायची, गाडी पकडायची, बघून यायचे. पण बंधूंनो, आपल्या समाजाच्या बाबतीत प्रवास ही गोष्ट कधीच इतकी सोपी नव्हती. कुठे थांबावे, कुणाकडे पाणी मागावे, नाव विचारले तर काय सांगावे, हे प्रश्न आपल्या वाडवडिलांच्या प्रत्येक प्रवासात त्यांच्याबरोबर चालत असत. म्हणून सहलीची आखणी, सहलीचे सामान आणि सहलीतून घरी लिहायचे पत्र या तीन गोष्टींकडे आपण जरा वेगळ्या नजरेने पाहिले पाहिजे.

एका सुटीची गोष्ट

बाबासाहेबांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्या १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. त्यातली पहिलीच आठवण एका सुटीतल्या प्रवासाची आहे. साल १९०१. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. वडील सुभेदार रामजी हे खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीवर होते. तिथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तलावाचे खोदकाम काढले होते. मुले साताऱ्याला आत्याजवळ. उन्हाळ्याची सुटी लागली आणि वडिलांनी मुलांना गोरेगावला बोलावले.

विद्यार्थी मित्रांनो, त्या तयारीचे वर्णन तुम्ही मुळातून वाचा. नवे सदरे, झगमगीत टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे, सगळे या प्रवासासाठी घेतले होते. वाटेत खाण्यासाठी चांगलेचुंगले करून बरोबर दिले होते. थोरल्या बंधूंनी प्रत्येकाला दोन-दोन आणे खर्चाला दिले आणि स्टेशनवर मुलांनी लागलीच लेमनेडच्या बाटल्या फोडल्या. प्रवास कसा करायचा याची सर्व माहिती वडिलांनी कळवली होती. निघण्याचा दिवस मुलांनी पत्राने कळवायचा आणि वडिलांनी आपला शिपाई मसूर स्टेशनवर पाठवायचा, असे ठरले होते. मुलांनी त्याप्रमाणे पत्र लिहिलेही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडी मसूरला पोचली, पण न्यायला कुणीच आले नव्हते. तासभर वाट पाहिल्यावर स्टेशनमास्तरने चौकशी केली आणि मुलांनी निरागसपणे आपली जात सांगितली. त्याचा चेहरा बदलला. बैलगाड्या उभ्या होत्या, पण या मुलांना गाडीत घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही या अटीवर की मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे. रात्र झाली. फराळाचे डबे भरलेले होते, पण पाणी नव्हते. वाटेतल्या नदीत होते ते पाणी चिखल आणि शेण-मुताने घाण झालेले. पुढे टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही नाकेदाराने पाणी दिले नाही. पाण्यावाचून घास गिळवेना, म्हणून भरल्या डब्याशेजारी मुले उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती गोरेगावला पोचली, तेव्हा खुलासा झाला. पत्र वेळेवर आले होते, पण नोकराने ते वडिलांना दिलेच नव्हते.

एक पत्र हातून हातात गेले नाही, एवढेच घडले होते. दुसऱ्या जातीच्या मुलांची अशीच चुकामूक झाली असती तर कुणीतरी त्यांना गाडीत घेतले असते, कुणीतरी तांब्याभर पाणी दिले असते, आणि ती एक गंमत म्हणून घरात सांगितली गेली असती. ज्याला समाजाचा आधार आहे त्याची आखणी चुकली तरी निभावते. ज्याला तो आधार नाही त्याची आखणी एका ठिकाणी चुकली की जिवावर बेतते. म्हणून मी म्हणतो, नीट आखणी ही आपल्यासाठी हौस नव्हे, ती एकमेकांची काळजी घेण्याची रीत आहे.

आखणी : कुणीही मागे राहू नये

आपल्या सहलीत दौलताबादचा किल्ला आहे, तो मुद्दाम ठेवला आहे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सुमारे ३० सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. तीही सहलच होती. आपण अस्पृश्य आहोत हे वाटेत उघड होऊ न देता प्रवास करायचा असे ठरले होते. दौलताबादला प्रवासाची धूळ धुण्यासाठी मंडळींनी किल्ल्याच्या दरवाजापाशी असलेल्या हौदाच्या पाण्याने तोंड-हातपाय धुतले. लगेच पाणी बाटवल्याची ओरड झाली, जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर पाण्याला कुठेही शिवायचे नाही या अटीवर, हत्यारबंद शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना किल्ला पाहू दिला. तेव्हा बाबासाहेब परदेशांत शिकून आलेले बॅरिस्टर होते आणि गोलमेज परिषदांना जाऊन आलेले होते. तरीही हे घडले.

आज आपल्या बसवर संस्थेचे नाव लिहिलेला फलक असेल आणि आपण तो अभिमानाने लावू. नाव लपवून केलेल्या त्या प्रवासापासून या फलकापर्यंतची वाट कुणी चालून दिली, याचे भान ठेवून आपण दौलताबादला दोन मिनिटे स्तब्ध उभे राहणार आहोत.

आता प्रत्यक्ष आखणी. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. अनेक मंडळी हे न पाहता निघतात आणि दारातून परत येतात. म्हणून आपण बुधवारी रात्रीच्या गाडीने मुंबई सोडू. गुरुवारी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. तिथे नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय पाहायचे. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती, तेव्हा १९५० साली बाबासाहेबांनी ते सुरू केले. जवळच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत या नावासाठी समाजाने किती सोसले, किती घरे जळाली, किती जीव गेले, हे त्या प्रवेशद्वारासमोर मुलांना सांगायचे. विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत, तीही पाहायची.

शुक्रवारी सकाळी उन्हाच्या आत दौलताबाद आणि दुपारनंतर वेरूळ. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, म्हणून दुपारनंतरचा उजेड आतपर्यंत जातो. तिथली १ ते १२ क्रमांकाची लेणी बौद्ध आहेत. वेळ त्यांना द्यायचा, आणि मग १६ क्रमांकाचे कैलास लेणेही पाहायचे. शनिवारी अजिंठा. शहरापासून ते सुमारे १०० किलोमीटर आहे. बाहेरच्या गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि पुढे लेण्यांपर्यंत तिथल्या बसने जावे लागते. त्या वेळेचा हिशेब धरा.

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ही मुदत १२० दिवसांची होती, त्यामुळे जुन्या अंदाजावर कुणी राहू नये. नावे आणि पैसे वेळेत द्या. ओळखपत्र प्रत्येकाने जवळ बाळगा.

आखणीत गाड्यांच्या वेळा असतात, तशी माणसेही असली पाहिजेत. आपल्या वस्तीत अशी घरे आहेत की जिथे मुलाचे नाव दिले जाते आणि मुलीचे राहते. अशा म्हाताऱ्या आहेत की ज्यांनी आयुष्यभर विहारात वंदना घेतली, पण बुद्धाचे एकही लेणे पाहिले नाही, कारण गुडघे दुखतात आणि पैसेही नाहीत. माझी सूचना आहे की दहा सभासदांनी मिळून एका गरजू व्यक्तीचे भाडे उचलावे आणि ते कुणाचे उचलले हे कुणालाही कळू नये. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी अजिंठ्याला डोलीवाले मिळतात. त्याचा खर्च आधीच सहलीच्या हिशेबात धरा, म्हणजे तिथे कुणाला ओशाळे वाटणार नाही.

आणखी एक. सहल म्हणजे सुटी, पण ती सर्वांची सुटी असावी. पुरुषांनी लेणी पाहायची आणि भगिनींनी मुक्कामावर पोळ्या लाटायच्या, हे समतेच्या संस्थेला शोभत नाही. चहाच्या पातेल्यापासून ताटे धुण्यापर्यंतच्या कामांच्या पाळ्या लावा, आणि त्या यादीत पहिली नावे पदाधिकाऱ्यांची लिहा.

सामान : आठ वस्तू आणि एक फडके

सामान किती घ्यावे? भिक्खूच्या आठ परिष्कारांचा विचार करा. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके. एवढ्या सामानावर भिक्खू गावोगाव फिरले आणि धम्म देशोदेशी गेला. आपण गृहस्थ आहोत, आपल्याला थोडे जास्त लागेल. पण स्वतःला उचलता येईल तेवढेच सामान घ्यावे, हा नियम आपणही पाळू शकतो. आपली बॅग दुसऱ्याच्या डोक्यावर देणारा माणूस सहलीत सर्वांना जड होतो.

त्या आठ वस्तूंपैकी गाळण्याच्या फडक्याची एक कथा विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. कोसल देशात दोन भिक्खू वाटेने चालले होते. एकाचे वागणे बरोबर नव्हते म्हणून दुसऱ्याने त्याला टोकले. त्याने मनात राग धरला. पुढे टोकणाऱ्याला तहान लागली. त्याने गाळणे मागितले, पण रागावलेल्याने दिले नाही. तो भिक्खू तहानेने मेला. ही गोष्ट भगवंतांपर्यंत गेली तेव्हा त्यांनी दोष दिला आणि नियम केला की वाटेवरच्या भिक्खूने गाळणे मागितले तर नाही म्हणायचे नाही, आणि गाळण्यावाचून लांबच्या वाटेला निघायचे नाही. गाळणे नसेल तर संघाटीच्या कोपऱ्याने गाळून पाणी पिण्याचीही त्यांनी मुभा दिली.

मित्रांनो, चुल्लवग्गातला तो भिक्खू, मसूरच्या वाटेवरची ती मुले आणि दौलताबादचा तो हौद, तिन्ही ठिकाणी प्रश्न पाण्याचाच आहे. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तीही पाण्यासाठीच. म्हणून आपल्या सामानाच्या यादीत पहिली वस्तू पाण्याची बाटली असेल, आणि ती शेजाऱ्याने मागितली तर नाही म्हणायचे नाही. तो शेजारी आपल्या संस्थेचा नसला, आपल्या समाजाचा नसला, तरीही नाही म्हणायचे नाही.

बाकीची यादी थोडक्यात सांगतो. दोन-तीन सुती कपड्यांचे जोड, पहाटेच्या थंडीसाठी शाल किंवा स्वेटर, चढणीला चालतील अशी जुनी, पायांत मुरलेली पादत्राणे, टोपी किंवा रुमाल, रोजची औषधे आणि डॉक्टरची चिठ्ठी. नवी चप्पल सहलीत काढू नका, फोड येतात. दौलताबादच्या अंधारीसाठी दर चौघांत एक विजेरी. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅशचा प्रकाश टाकण्यास बंदी आहे, ती कसोशीने पाळा. ती चित्रे आपल्यापुढच्या पिढ्यांचीही आहेत. टिकाऊ खाद्य म्हणून शेंगदाण्याची चटणी, दशम्या, चिवडा. आणि विद्यार्थ्यांसाठी सक्तीच्या दोन वस्तू म्हणजे एक वही आणि दोन पोस्टकार्डे. पोस्टकार्डांवर घरचा पत्ता आणि पिनकोड निघण्यापूर्वीच लिहून ठेवा.

सामान कितीही जपले तरी काही हरवते. चिनी भिक्खू युआन श्वांग, ज्यांना आपण ह्युएनत्संग म्हणतो, ते इ.स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन मायदेशी पोचले. पण वाटेत सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली आणि पोथ्यांचे काही गठ्ठे व फुलांचे बियाणे पाण्यात गेले. त्यांनी हाय खाल्ली नाही. चीनहून नालंदेच्या आपल्या स्नेह्यांना पत्र लिहिताना हरवलेल्या ग्रंथांची यादी जोडली आणि जमल्यास ते पाठवावेत अशी विनंती केली. काय नेले, काय हरवले, याची यादी ठेवणारा माणूस हरवलेले पुन्हा मागू शकतो. म्हणून आपल्या सामानाचीही यादी बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवा.

घरचे पत्र

आता तिसरी गोष्ट. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. पोचलो की फोन करा, तो केलाच पाहिजे. घरचे काळजीत असतात. फोटोही पाठवा. पण पत्र लिहिणे सोडू नका. फोनवर आपण 'पोचलो, जेवलो, मजेत आहे' एवढेच बोलतो. पाहिलेल्याचा अर्थ लावायला माणसाला बसून लिहावे लागते.

लिहिण्याचे मोल किती, हे आपल्या धम्माच्या इतिहासानेच दाखवले आहे. भारतातून धम्म जवळजवळ पुसला गेला, तेव्हा त्याची स्थळेही मातीखाली गेली. कुशीनगर कोठे, नालंदा कोठे, श्रावस्ती कोठे, हे सांगणारे कुणी उरले नव्हते. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी या स्थळांचा शोध घेतला तो कशाच्या आधारे? फाहियान आणि युआन श्वांग यांनी लिहून ठेवलेल्या प्रवासवर्णनांच्या आधारे. अमुक गावापासून अमुक दिशेला इतक्या अंतरावर स्तूप आहे, असे या यात्रेकरूंनी टिपून ठेवले होते. युआन श्वांग महाराष्ट्रातही आले होते, आणि डोंगरातल्या ज्या विहाराचे त्यांनी वर्णन केले तो अजिंठाच असावा असे अभ्यासक मानतात. इत्सिंग हे तिसरे चिनी यात्रेकरू. त्यांनी भारतातील भिक्खूंच्या दिनचर्येचे वर्णन लिहिले आणि इ.स. ६९२ मध्ये सुमात्रा बेटावरून एका भिक्खूच्या हाती मायदेशी पाठवले. तेही एका अर्थाने घरी लिहिलेले पत्रच.

पत्रात काय लिहावे? जे पाहिले ते, आणि ज्याला लिहितो आहोत त्याला समजेल अशा भाषेत. आजीला लिहायचे असेल तर लक्षात ठेवा, ते पत्र कुणीतरी तिला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. म्हणून वाक्ये लहान ठेवा. 'लेणी फार सुंदर आहेत' एवढ्याने तिला काही दिसणार नाही. मी एक नमुना सांगतो:

"प्रिय आजी, सविनय जय भीम. आज आम्ही अजिंठा पाहिला. २६ क्रमांकाच्या लेण्यात आत शिरल्यावर डाव्या भिंतीला भगवंतांची झोपलेली मूर्ती आहे. ती आपल्या दोन खोल्यांपेक्षा लांब आहे. खाली शिष्य रडत बसले आहेत. चेहऱ्यावर मात्र दुःख नाही, तू दुपारी पडतेस तेव्हा दिसतेस तशी शांतता आहे. काल वेरूळला पाचव्या क्रमांकाच्या लेण्यात गेलो होतो. त्यात दगडाचे लांबच लांब दोन ओटे आहेत. सरांनी सांगितले की जुन्या इंग्रजी पुस्तकांत या लेण्याला महारवाडा म्हटले आहे. मी त्या ओट्याजवळ बसून पंचशील म्हटले. तुझ्या वतीने फूल वाहिले. आईला सांग, डबा पुरला. तुझा नातू."

ज्या आजीचे गुडघे तिला वेरूळच्या पायऱ्यांवर नेऊ शकत नाहीत, तिला हे पत्र तिथे नेऊन आणील.

त्या पाचव्या लेण्याबद्दल दोन शब्द. १९व्या शतकातील बर्जेससारख्या संशोधकांच्या ग्रंथांत त्याचे महारवाडा हे नाव नोंदलेले आहे. ज्या विहारात भिक्खू एका ओळीत बसत, तिथे उच्च-नीच नव्हते. पुढे लोकांनी त्यालाच जातीचे नाव दिले. हे नाव ऐकून मान खाली घालू नका. आपण तिथे उभे राहू, वाचू, विचारू आणि लिहू. अजिंठ्याला दान देणाऱ्यांनी आपली नावे दगडात कोरून ठेवली, म्हणून २,००० वर्षांनंतर ती आपल्याला कळतात. आपल्या लोकांच्या प्रवासाची नोंद फार थोडी आहे. कारण लिहायला हात नव्हते, आणि लिहिलेले पोचवणारे नव्हते. १९०१ सालच्या त्या मुलांचे पत्रही पोचले नाही. बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले म्हणून ती रात्र आपल्याला माहीत आहे.

शेवटी संस्थेला विनंती करतो. सहलीहून परतल्यावर एका रविवारी विहारात सभा बोलवावी. मुलांनी लिहिलेली पत्रे घरच्यांनी घेऊन यावीत आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासमोर ती वाचली जावीत. कुणाचे पत्र पोचले नसेल तर त्या मुलाने तिथे बसून पुन्हा लिहावे. निवडक पत्रे पुढच्या स्मरणिकेत छापावीत.

आणि पालकांनो, यादीची मुदत संपण्यापूर्वी मुलाचे नाव दिले असेल तर मुलीचेही द्या.



जय भीम! नमो बुद्धाय!